ओमाहा, जून २०२३: पिचरच्या खांद्याचं पंचांग

मिसुरी नदीकाठचं ओमाहा हे पाच लाखांच्या आतबाहेरच्या वस्तीचं शहर. १९५० पासून दर जूनमध्ये (कोविडचं २०२० वगळून) अमेरिकन कॉलेज बेसबॉलचा शेवटचा अंक इथेच होतो. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो, नियमित हंगामात एक संघ जास्तीत जास्त ५६ सामने खेळतो, मेअखेरीस ६४ संघ बाद फेरीत जातात आणि दोन आठवड्यांत त्यांतले आठ उरतात. हे आठ जण ओमाहात येतात. स्पर्धेचं नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज.

आठांचे चार-चारचे दोन गट. दोनदा हरलं की घरी. गटांचे दोन विजेते अंतिम फेरीत भिडतात, तिथे तीनपैकी दोन सामने जिंकायचे. इथवर सोपं आहे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला उशिरा उमगते ती गोष्ट वेगळी: फलंदाजीचा क्रम रोज जवळजवळ तोच असतो, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मात्र रोज बदलतो. भरवशाचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) एका सामन्यात शंभराच्या वर चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते. म्हणजे सुरुवातीलाच एक सामना हरून खालच्या वाटेला लागलेल्या संघाला जास्त सामने खेळावे लागतात आणि टाकायला हात कमी पडतात. ओमाहाला जायचं तर आधी हे पंचांग मांडायचं, तिकिटं त्यानंतर.

१५ जून, गुरुवार

एप्ली विमानतळ मैदानापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. भारतातून थेट विमान नाही, शिकागो किंवा डेन्व्हरसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. या दहा-बारा दिवसांत डाउनटाउनमधल्या हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात. नदीपलीकडे आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्समध्ये खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात.

सामने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचण्यात खरा फायदा आहे. या दिवशी आठही संघ मैदानावर सराव करतात, तो फुकट बघता येतो आणि रात्री आतषबाजी असते. पुढे मोठी किंमत मोजून जिथे बसावं लागतं, त्या जागा या दिवशी आधी बसून पाहता येतात.

स्पर्धेचं मैदान चार्ल्स श्वाब फील्ड २०११ साली सुरू झालं. आसनं सुमारे २४ हजार. दोन्ही कोपरे होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, ३३५ फुटांवर (१०२ मीटर), मधली भिंत ४०८ फुटांवर (१२४ मीटर). मैदानाचं तोंड आग्नेयेला आहे आणि उन्हाळ्यात इथे दक्षिणेकडचा वारा जास्त, म्हणजे बॅटरच्या समोरून येणारा. इतर मैदानांवर सहज भिंत ओलांडणारा चेंडू इथे अनेकदा भिंतीपाशी झेलला जातो.

जागा निवडताना याच दिशेचा उपयोग होतो. पहिल्या बेसकडची, म्हणजे बॅटरच्या उजव्या हाताची बाजू पश्चिमेला पडते, त्यामुळे दुपार कलली की सावली आधी तिथे आणि होम प्लेटच्या मागे येते. तिसऱ्या बेसकडे आणि डाव्या आउटफिल्डला बसलात तर ऊन तोंडावर घ्यायची तयारी ठेवा. जूनअखेरीस इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा संध्याकाळच्या सामन्यालाही टोपी हवीच.

१६ जून, शुक्रवार

पहिल्याच दिवशी दोन सामने, दोन्ही ६–५, दोन्ही नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) उलटले. ओरल रॉबर्ट्स हे ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातलं छोटं विद्यापीठ, आपल्या प्रादेशिक गटात चौथं म्हणजे तळाचं मानांकन घेऊन आलेलं. १९९९ पासून असं मानांकन असलेले फक्त तीन संघ ओमाहापर्यंत पोहोचले, त्यांतला हा तिसरा. टीसीयू, म्हणजे टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाविरुद्ध ते मागे पडले होते, पण नवव्या इनिंगमध्ये ब्लेझ ब्रदर्सने तीन रनांचा होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे. तोवर तटस्थ बसलेलं अर्धं मैदान त्या एका फटक्याने ओरल रॉबर्ट्सचं झालं. ओमाहाच्या स्थानिक प्रेक्षकांची ही जुनी खोड आहे. स्वतःचा संघ नसला की ते दुबळ्याला दत्तक घेतात. संध्याकाळी फ्लोरिडाने व्हर्जिनियाला तसंच शेवटच्या क्षणी हरवलं.

दोन सामन्यांची तिकिटं वेगवेगळी असतात आणि मधे मैदान रिकामं करतात. पहिला सामना लांबला की दुसरा उशिरा सुरू होतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची वेळ पक्की ठरवू नका. पिशवी पारदर्शक लागते, आकार जास्तीत जास्त १२×६×१२ इंच. नेहमीची सॅक दारावरून परत जाते.

आउटफिल्डची जनरल तिकिटं सगळ्यांत स्वस्त, पण जागेचा नंबर नसतो. दार उघडायच्या कितीतरी आधी रांग लागते. त्या रांगेत घडीच्या खुर्च्या घालून पत्ते कुटणारी नेब्रास्का-आयोवाची म्हातारी मंडळी भेटतात, वर्षानुवर्षं येणारी. बोलायला तोंडभर, आणि कुठला पिचर कधी टाकणार हे बोटांवर मोजणारी. आत गेल्यावर उजव्या आणि डाव्या आउटफिल्डचे प्रेक्षक एकमेकांना आळीपाळीने शिव्या घालतात, मधेच हवेत मोठे प्लॅस्टिकचे चेंडू उडतात, रखवालदार ते धरून हवा काढतात आणि त्यांची हुर्यो होते. मुलंबाळं सोबत असतील तरी इथे बसायला हरकत नाही. शिव्या पोरकट असतात.

१७ जून, शनिवार

या दिवसाचं तिकीट कित्येकांनी फक्त एका माणसासाठी काढलं होतं. लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयूचा पॉल स्कीन्स. आधी एअर फोर्स अकॅडमीच्या संघात होता, तिथून बदली घेऊन आलेला. ताशी १०० मैल (सुमारे १६१ किलोमीटर) वेगाचा चेंडू तो सामन्याच्या उत्तरार्धातही टाकतो. टेनेसीविरुद्ध त्याने ७ पूर्ण आणि २ तृतीयांश इनिंग टाकल्या, १२ स्ट्राइकआउट घेतले (तीन चुकलेल्या संधींवर बॅटर बाद), एलएसयू ६–३ ने जिंकली. चेंडू टाकले १२३. स्कोअरवहीत हा आकडा गोल करून ठेवावा, पुढे लागतो.

त्याच दिवशी अव्वल मानांकित वेक फॉरेस्टने स्टॅनफर्डला ३–२ ने हरवलं. वेक फॉरेस्टने १९५५ साली ही स्पर्धा जिंकली होती, आणि त्यानंतर ओमाहात येण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मैदानाभोवतीच्या वाहनतळांवर सकाळपासून चुली पेटलेल्या असतात. लुइझियानाहून सुमारे दीड हजार किलोमीटर गाडी हाकत आलेल्या लोकांनी घमेल्याएवढी भांडी सोबत आणलेली. जांबालाया, म्हणजे सॉसेज, कोंबडी, कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी यांच्यावर शिजलेला तिखटसर भात, आपल्या डोळ्यांना थेट लग्नातल्या पुलावाच्या हंड्यासारखा दिसतो. भात चिकटू नये म्हणून लाकडी वल्ह्याने ढवळतात, पण पाणी आटल्यावर अजिबात हात लावत नाहीत. तिथे ढवळलं की भात मोडतो. अनोळखी माणसाच्या हातातही ताटली येते. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण सॉसेज शेवटी घालत नाहीत, सुरुवातीलाच परततात. नुसतं बाजूला काढून भागत नाही.

१८ ते २१ जून

या चार दिवसांत आठाचे तीन झाले. व्हर्जिनिया, स्टॅनफर्ड, ओरल रॉबर्ट्स, टेनेसी, टीसीयू याच क्रमाने घरी गेले. फ्लोरिडा १६, १८ आणि २१ असे तीनच सामने खेळून, एकही न हरता अंतिम फेरीत पोहोचली. तिन्ही सामने एकेका रनाने जिंकले. तिसऱ्याचा शेवट मायकेल रॉबर्टसनने भिंतीवर आदळत घेतलेल्या झेलाने झाला.

एलएसयूचा रस्ता उलटा होता. १९ तारखेला वेक फॉरेस्टकडून ३–२ ने हार, म्हणजे २०, २१ आणि २२ असे लागोपाठ तीन दिवस जिंकणं भाग. स्कीन्स १७ ला वापरला, टाय फ्लॉइड १९ ला. मग २० तारखेला टेनेसीसमोर कोण? प्रशिक्षक जे जॉन्सन यांनी नेट अ‍ॅकेनहाउझेनला पाठवलं. मोसमभर हा बदली पिचर, त्यात एकदाही स्टार्ट केलेला नव्हता. त्याने सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, सामना ५–० ने जिंकला. त्या एका संध्याकाळने एलएसयूचे बाकीचे खांदे वाचले. आमच्या मते विजेतेपदाची खरी किल्ली हीच होती, जरी ठळक क्षणांच्या चलचित्रांत ती दिसत नाही. २१ ला वेक फॉरेस्टला ५–२ ने हरवून हिशोब बरोबरीत आला.

हे मधले दिवस स्कोअरवही लिहायला शिकण्याचे. प्रत्येक जागेला अंक असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला तर ६-३. स्ट्राइकआउटला ‘के’ हे रोमन अक्षर, आणि बॅट न हलवता झाला तर तेच अक्षर उलटं. नवख्याची चूक एकच असते: चेंडूंचा आकडा लिहीत नाही. प्रत्येक इनिंगच्या शेवटी पिचरचे एकूण चेंडू कोपऱ्यात टिपा. नव्वदीच्या पुढे गेला की बुलपेनकडे, म्हणजे बदली पिचरच्या जागेकडे बघा, तिथे कोणीतरी खांदा गरम करायला उठलेला असतो.

जेवणाचं म्हणाल तर नेब्रास्कात आल्यावर रुंझा खावा. लांबट पावात बीफचा खिमा, कोबी आणि कांदा भरून भाजलेला. व्होल्गा नदीकाठच्या जर्मन स्थलांतरितांनी आणलेला प्रकार. चव सौम्य, आपल्या जिभेला मिरची कमी वाटेल. रूबेन सँडविच आमच्याच ब्लॅकस्टोन हॉटेलात जन्मलं असा ओमाहाचा दावा आहे. न्यूयॉर्कवाले तो मानत नाहीत. ओल्ड मार्केट भागात विटांच्या रस्त्यांवर चालत हिंडता येतं, मैदानापासून पायी वीस-पंचवीस मिनिटं.

हवा दमट, दुपारी पारा तिशीपार. जूनमध्ये वादळं अचानक येतात. जवळपास वीज दिसली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं झाल्याशिवाय सुरू होत नाही. पुन्हा चमकली की घड्याळ परत शून्यावर. अशा वेळी मैदान सोडून जाऊ नका, वरच्या छपराखालच्या वाटांवर थांबा.

२२ जून, गुरुवार

या एका दिवसासाठी अख्खी सफर केली असती तरी पैसे वसूल होते. एलएसयूकडून स्कीन्स, वेक फॉरेस्टकडून ऱ्हेट लाउडर. पाच दिवसांपूर्वी १२३ चेंडू टाकलेला खांदा परत आला होता.

नऊनंतर बरोबरी असली की खेळ चालूच राहतो, पण दहा इनिंग झाल्या तरी फलक ०–० दाखवत होता. धातूच्या बॅटचा तो ‘टिंग’ आवाज एरवी सतत कानावर येतो, त्या संध्याकाळी तो दुर्मिळ झाला. स्कीन्सने ८ इनिंग टाकल्या, २ हिट्स (बॅटर बेसवर पोहोचेल असे फटके) दिल्या, ९ स्ट्राइकआउट, १२० चेंडू. लाउडरने ७ इनिंगमध्ये ३ हिट्स दिल्या.

आठव्या इनिंगमध्ये वेक फॉरेस्टचा धावपटू तिसऱ्या बेसवर होता. बॅटरने बंट केला, म्हणजे चेंडू फक्त बॅटला टेकवून पुढ्यात मारला. हेतू असा की चेंडू उचलेपर्यंत धावपटू होम प्लेटला पोहोचून रन व्हावा. पहिल्या बेसचा ट्रे मॉर्गन चेंडू सुटण्याआधीच पुढे धावत निघाला होता. चेंडू उचलून झेप घेतानाच त्याने तो थेट कॅचर अ‍ॅलेक्स मिलाझोकडे ढकलला. धावपटू बाद. स्कोअरवहीत या सगळ्याची नोंद दोन अंकांची: ३-२. क्षणभर उशीर झाला असता तर धावपटू पोहोचला असता, आणि बहुधा हंगामही तिथेच संपला असता.

अकराव्या इनिंगच्या उत्तरार्धात डिलन क्रूझने सुरुवातीलाच सिंगल घेतला, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. वेक फॉरेस्टने पिचर बदलला, कॅमडेन मिनाची आला. त्याचा पहिलाच चेंडू टॉमी व्हाइटने डाव्या भिंतीपलीकडे भिरकावला. २–० आणि सामना संपला. लोक त्याला टॉमी टँक्स म्हणतात ते का, हे कळलं. जांभळ्या-सोनेरी कपड्यांतली वयस्कर माणसं जिन्यांवर बसून रडत होती.

पंचांगात एक नोंद मात्र या गोंधळात निसटू नये: स्कीन्सनंतरच्या तिन्ही इनिंग थॅचर हर्डने टाकल्या.

२३ जून, शुक्रवार

विश्रांतीचा दिवस. सकाळी हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालय. तिथला काचेच्या घुमटाखालचा वाळवंटाचा देखावा बघण्यासारखा आहे, पण बेसबॉलवाल्यांची ओढ वाहनतळाकडे असते. १९५० ते २०१० ही स्पर्धा ज्या रोझेनब्लॅट मैदानात होत असे ते इथेच होतं. ते पाडलं, पण इनफिल्डची आखणी आणि होम प्लेटची जागा जपून ठेवली आहे. गाड्यांच्या रांगांमध्ये बाप मुलाला चेंडू टाकताना दिसतात.

संध्याकाळी बॉब केरी पादचारी पूल. मैदानापासून चालत जाता येतं. पुलाच्या मध्यावर दोन राज्यांची सीमा आखलेली आहे, एक पाय नेब्रास्कात आणि एक आयोवात ठेवून फोटो काढायचा रिवाज आहे. सूर्य मावळताना जा, दुपारी पुलावर सावलीचा पत्ता नसतो.

मैदानासमोर रोक्कोज नावाचं पिझ्झाचं दुकान आहे. तिथे जेलीच्या घट्ट दारूचे छोटे पेले विकतात आणि कुठल्या संघाच्या चाहत्यांनी किती घेतले याचा आकडा फळ्यावर लिहितात. २०२२ चा विक्रम ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) चाहत्यांचा, १८,७७७. एलएसयूवाल्यांनी तो केव्हाच मागे टाकला होता आणि आकडा थांबायचं नाव घेत नव्हता.

२४ जून, शनिवार

अंतिम फेरीचा पहिला सामना. फ्लॉइडला चार दिवसांची विश्रांती मिळालेली, आणि ती दिसली. ८ इनिंगमध्ये १७ स्ट्राइकआउट. त्याचा चेंडू बॅटरच्या अंदाजापेक्षा वर राहत होता, त्यामुळे फ्लोरिडाच्या बॅट वारंवार चेंडूखालून गेल्या. तरीही सामना ३–३ असा अडला आणि अकराव्या इनिंगमध्ये केड बेलोसोच्या होम रनने ४–३ ने सुटला.

अंतिम फेरीची तिकिटं आधी घ्यायची की थांबायचं, हा नेहमीचा प्रश्न. तिसरा सामना होईलच असं नसतं, म्हणून त्याचं तिकीट घेताना न झाल्यास पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या. परतीचं विमान मात्र २७ तारखेच्या आत काढू नये.

२५ जून, रविवार

दुपारी दोनचा सामना. फ्लोरिडा २४, एलएसयू ४. ओमाहातल्या एका सामन्यात एका संघाने केलेले हे सर्वाधिक रन. आधीचा विक्रम नोत्र दामचा, १९५७ साली २३. जॅक कॅग्लियोन आणि टाय इव्हान्स या दोघांनी प्रत्येकी दोन होम रन मारले, इव्हान्सचा एक तिन्ही बेसवर धावपटू असताना.

उन्हात भाजत बसलेले एलएसयूचे लोक सहाव्या इनिंगनंतर सावलीला निघून गेले. वही उघडी ठेवून बसलेल्यांना दुसरं चित्र दिसत होतं. सामना हातचा गेल्यावर जॉन्सन यांनी मुख्य खांद्यांना हातच लावला नाही. हर्डला विश्रांती मिळत राहिली. वीस रनांनी हरलं काय किंवा एकाने, हार एकच मोजली जाते.

२६ जून, सोमवार

फ्लोरिडाने कॅग्लियोनला पिचर म्हणून उतरवलं. हा माणूस दोन्ही कामं करतो, मोसमात ३३ होम रन मारलेला. एलएसयूकडून तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर हर्ड. पहिल्याच इनिंगमध्ये वायट लँगफर्डने दोन रनांचा होम रन मारला आणि फ्लोरिडावाले उठून उभे राहिले. दुसऱ्या इनिंगमध्ये कॅग्लियोनचा नेम बिघडला. एलएसयूने सहा रन काढले. हर्डने सहा इनिंग टाकल्या, त्या होम रननंतर फ्लोरिडाला त्याच्याकडून काही मिळालं नाही. १८–४, २४ हिट्स, एलएसयूचं सातवं विजेतेपद. स्कीन्सची गरजच पडली नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र तोच ठरला. मोसमभरात २०९ स्ट्राइकआउट.

सामन्यानंतर लगेच बाहेर पडू नका, गाड्या तासभर हलत नाहीत. रोक्कोजच्या फळ्यावर एलएसयूचा शेवटचा आकडा ६८,८८८ होता.

दोन आठवड्यांनी व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) स्कीन्स पहिला आणि क्रूझ दुसरा गेला. एकाच कॉलेज संघातले दोघे पहिल्या दोन क्रमांकांवर असं आधी कधी झालं नव्हतं. लँगफर्ड चौथा, लाउडर सातवा. २२ तारखेचं वहीतलं पान जपून ठेवलं असेल तर त्यावरचे दोन्ही स्टार्टर या पहिल्या सातांत सापडतील.